गाडीचा पिकअप नेमका हरवतो कुठे?

"गाडी ओढत नाही." गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारींत याच्याइतकी मोघम तक्रार दुसरी नसेल. मिस मारते म्हटलं की मेकॅनिक प्लगकडे जातो, निळा धूर येतो म्हटलं की रिंगकडे. पण 'दम राहिला नाही' म्हटलं तर संशयितांची यादी एअर फिल्टरपासून मागच्या ब्रेकपर्यंत लांबते. मग प्लग बदलला जातो, फिल्टर बदलला जातो, क्लच प्लेटा पडतात, आणि चौथ्या फेरीला कुणीतरी म्हणतं, "इंजिन काम काढावं लागेल."

माझ्या पीएचडीचा विषय आहे यंत्रांमधलं दोष-निदान. त्यात मोठी टर्बाइन्स, पंप, विमानं अशी भारदस्त उदाहरणं दिली जातात. पण या विषयातला सगळ्यात चिवट प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर दारात उभी असलेली शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल पुरेशी आहे. प्रश्न असा, की दोष आणि त्याचं लक्षण एकाच जागी, एकाच वेळी दिसत नाहीत. का दिसत नाहीत, ते बघू.

रोज आपण इंजिनाला फारसं विचारतच नाही

थोडं गणित करू, अवघड नाही. ९७ सीसीच्या साध्या गाडीची ताकद साधारण ८ अश्वशक्ती, म्हणजे जवळपास ५.९ किलोवॅट. गाडी आणि तुम्ही मिळून वजन १९० किलो धरा. सपाट रस्त्यावर ५० च्या वेगाने जाताना टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण १०५ ते ११० न्यूटन जोर लागतो. त्याला वेगाने गुणलं की दीड किलोवॅट. म्हणजे शहरात तुम्ही इंजिनाच्या ताकदीचा जेमतेम चौथा हिस्सा वापरता.

आता मागे ७० किलोचा माणूस बसवा आणि शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या घाटात तोच ५० चा वेग धरायला सांगा. मागणी एकदम पावणेचार-चार किलोवॅटवर जाते. साखळी, गिअर यांत काही ताकद वाया जाते, आणि चौथ्या गिअरला त्या वेगात इंजिन आपल्या कमाल ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोचलेलंही नसतं. हाताशी असलेली सगळीच ताकद लागते म्हणा ना.

म्हणून पाव ताकद गेलेलं इंजिन शहरात महिनोन्महिने निवांत चालतं. तुम्हाला कळतं ते खंबाटकीत, ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर पडल्यावर, समोरून एसटी येत असताना. तिथे 'पिकअप मिळाला नाही' ही नुसती गैरसोय राहत नाही. गाडीवर दोन जीव असतात.

यातून एक साधी गोष्ट निघते. दोष घाटात दिसला म्हणून तो घाटात सुरू झाला असं नव्हे. "परवापर्यंत चांगली होती" हे आपण प्रामाणिकपणे सांगतो, पण परवापर्यंत आपण इंजिनाला तो प्रश्नच विचारला नव्हता.

आणि कधीकधी दोष नसतोच. इंजिन हवा ओढतं, आणि तापलेली हवा विरळ असते. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंश, यात हवेच्या घनतेत साधारण नऊ टक्क्यांचा फरक पडतो, तेवढी ताकदही उतरते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ असते. लडाखला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. खारदुंग ला खिंडीत हवेची घनता निम्म्यापेक्षा थोडीच जास्त उरते. तेव्हा मे महिन्यात डबलसीट महाबळेश्वर चढून 'गाडी गेली' असा निकाल देऊ नका.

आधी विचारा: ताकद तयारच होत नाही, की पोचत नाही?

इंजिन उघडायच्या गोष्टी सुरू होण्याआधी हा एक प्रश्न सुटला पाहिजे. गंमत म्हणजे तो सोडवायला एक रुपयाही लागत नाही.

एका गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं प्रमाण दातांनी ठरलेलं असतं. समजा चौथ्या गिअरला ५० च्या वेगाला ५,००० आरपीएम पडतात. मग ६० ला ६,००० च पडायला हवेत. घाट असो, सपाट असो, हे प्रमाण बदलू शकत नाही. घाटात वेग ५० च आहे आणि आरपीएम ५,८०० दाखवतोय, तर मधली कडी निसटते आहे, आणि ती कडी म्हणजे क्लच. आरपीएम मीटर नसला तरी कान पुरतो: रेस दिली की आवाज चढतो आणि गाडी मात्र तिथेच, हा क्लच. आवाजच चढत नाही, तर क्लचला सोडून द्या.

आमच्या शास्त्रात याला मोठं नाव आहे, ॲनालिटिकल रिडन्डन्सी. दोन वेगवेगळी मोजमापं जर एका नियमाने बांधलेली असतील, तर तो नियम मोडला की दोष आहे, आणि कुठे आहे तेही कळतं. वेगळा सेन्सर लावावा लागत नाही.

क्लच सुटला तर पुढची पायरी मधल्या स्टँडवर. मागचं चाक हाताने फिरवा, सहज फिरतंय का? दहा किलोमीटर चालवून आल्यावर ड्रम किंवा डिस्कजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), नेहमीपेक्षा जास्त धग लागते का? ब्रेक घासत असेल, साखळी ताठ ओढलेली असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिन ठणठणीत असूनही गाडी ओढत नाही. हे सगळं तपासायला दहा मिनिटं लागतात, तरी बहुतेक वेळा हेच राहून जातं.

कार्बोरेटर चुगली करायचा, ईसीयू झाकतो

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुन्या मेकॅनिक लोकांची एक विद्या होती, आजही आहे: प्लग काढायचा आणि त्याचा रंग वाचायचा. काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. ही विद्या खरी होती, कारण कार्बोरेटरला स्वतःचं काम तपासता येत नाही. फिल्टर चोंदला, हवा कमी झाली, तरी तो पेट्रोल सोडतच राहतो. मिश्रण बिघडतं आणि त्याची खूण प्लगवर उमटते. दोष लगेच बाहेर बोलतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या नव्या दुचाक्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. आता सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. जळालेल्या वायूत ऑक्सिजन उरला की तो ईसीयूला कळवतो, 'पेट्रोल कमी पडतंय'. ईसीयू लगेच इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. उलट झालं तर कमी वेळ. सेकंदाला अनेकदा हे चालू असतं.

आता समजा पंपाचा दाब पडला. या छोट्या गाड्यांत तो साधारण ३ बारच्या आसपास असतो, तो २.४ वर आला असं धरू. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे दाब वीस टक्के पडला की पेट्रोल साधारण साडेदहा टक्के घटतं. कार्बोरेटरच्या काळात एवढ्यावर प्लग पांढरा पडला असता. आता ईसीयू इंजेक्टरचा वेळ बारा टक्के वाढवतो आणि सगळं पूर्ववत. प्लग सुंदर तपकिरी. तुम्हाला काही कळत नाही, मेकॅनिकलाही नाही.

मग ताकद का जाते? कारण हा सेन्सर 'जास्त' की 'कमी' एवढंच सांगतो, किती ते सांगू शकत नाही. पूर्ण रेस दिली की इंजिनाला मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल लागतं, तेव्हा सेन्सर सतत 'जास्त' म्हणणार आणि त्याचा उपयोग शून्य. म्हणून अशा वेळी ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल मोजतो. तो तक्ता दाब पूर्ण आहे असं धरून केलेला असतो. नेमक्या त्या क्षणी, नेमक्या घाटात, झाकलेला दोष उघडा पडतो. काही गाड्यांत ईसीयूने आधी शिकलेली दुरुस्ती थोडीफार मदतीला येते, पण तिलाही मर्यादा आहे.

चोंदलेल्या फिल्टरचंही तसंच. ज्या गाड्यांत ईसीयू इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो, तिथे हवा कमी झाली की पेट्रोलही तेवढंच कमी होतं. मिश्रण बरोबर, प्लग स्वच्छ, ताकद मात्र कमी. दोष तोच, पण त्याची जुनी खूण पुसली गेलेली.

दोष-निदानाच्या अभ्यासात ही गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: स्वतःला सावरणारं यंत्र आपला दोषही सावरून घेतं. तुम्ही परिणाम बघत बसलात तर काही दिसणार नाही. यंत्र तो परिणाम टिकवण्यासाठी किती धडपडतंय, ते बघावं लागतं. मोटरसायकलमध्ये ही धडपड एका आकड्यात मिळते, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ईसीयू नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, तो हा आकडा. माणसाच्या बाबतीत आपण हे सहज ओळखतो. जिना चढून आलेला माणूस 'मी बरा आहे' म्हणतो, आपण त्याचा श्वास बघतो.

"पण मग चेक इंजिनचा दिवा का लागत नाही?" कारण बीएस-६ च्या पहिल्या टप्प्यातली ओबीडी यंत्रणा मुख्यतः सेन्सरची वायर तुटली का, शॉर्ट झाली का, एवढंच बघते. अर्धवट चोंदलेली जाळी हा तिच्या लेखी दोष नाही. दिवा लागला तर कोड जरूर वाचा. नाही लागला तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा घेऊ नका.

दूधवाले काका

माझ्या मामांच्या गावचे एक काका सव्वाशे सीसीच्या गाडीवर दोन कॅन लावून पहाटे घाट चढतात, वरच्या संकलन केंद्रावर दूध घालायला. दोन कॅनचं दूधच चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलोच्या वर ओझं. घाटात गाडी मरायला लागली. केंद्र ठरल्या वेळेला बंद होतं, आणि परत आणलेलं दूध टिकत नाही. तोवर प्लग, फिल्टर आणि क्लच प्लेटा बदलून झाल्या होत्या.

मी विचारलं, "काका, दम जातो तेव्हा इंजिनचा आवाज चढतो का उतरतो?"

"उतरतो की. गुदमरल्यासारखी होती."

म्हणजे क्लच प्लेटांचे पैसे फुकट गेले होते. "सुरुवातीपासून?" नाही, पहिले दोन-तीन किलोमीटर बरी, मग मंदावते, आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा थोडा वेळ बरी चालते. हे वाक्य फार बोलकं आहे. थांबल्यावर सुधारणारे संशयित मोजके असतात: टाकीच्या झाकणाचा श्वास बंद असणं, पंपाच्या जाळीवर गाळ येऊन बसणं, किंवा तापल्यावर दगा देणारी कॉइल.

झाकणाची परीक्षा फुकट आहे. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत बाहेरची हवा आली पाहिजे. ते भोक बुजलं की आत निर्वात तयार होतो. दम गेला की सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, बंद करा, झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर चोर सापडला. काकांच्या गाडीत तसं झालं नाही.

राहिले दोन, ठिणगी आणि पेट्रोल. इथे मला एक परीक्षा फार आवडते. घाटात त्याच वेगाने एक गिअर खाली चालवायची. चढ तोच, वेग तोच, म्हणजे लागणारी ताकद जवळपास तीच आणि मिनिटाला जळणारं पेट्रोलही जवळपास तेवढंच. पण फेरे वाढल्यामुळे दर फेऱ्याला सिलेंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, दाब कमी राहतो. फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवलं होतं, की ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज वायूच्या दाबावर आणि दोन टोकांमधल्या अंतरावर अवलंबून असतं. आपल्या प्लगच्या बाबतीत, दाब जास्त तर व्होल्टेज जास्त. (बाहेर काढलेला प्लग किक मारून 'बघा, करंट येतोय' म्हणतात, त्याचा भरवसा म्हणूनच धरू नये, उघड्या हवेत पडणारी ठिणगी दाबाखाली पडेलच असं नाही.) तर एक गिअर खाली घेतल्यावर त्याच वेगाला मिसिंग थांबलं, तर संशय ठिणगीवर. नाही थांबलं, तर पेट्रोलवर. ईसीयू मध्ये पडत असल्यामुळे ही परीक्षा शंभर टक्के निर्णायक नाही, पण माप कुणीकडे झुकतंय ते कळतं.

काकांची गाडी खालच्या गिअरलाही तशीच गुदमरत होती. तालुक्याच्या एका मेकॅनिककडे स्कॅनर होता, त्यावर सपाट रस्त्यावर चालतानाच ट्रिम वरच्या मर्यादेला टेकलेला दिसला. त्याने पंपाचं पेट्रोल ठरावीक सेकंद मापाच्या भांड्यात घेतलं, ते बरंच कमी भरलं. पंप बाहेर काढला तर जाळी काळीकुट्ट, आणि टाकीच्या तळाशी पाणी आणि गंजाचा गाळ. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा संपली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. टाकी धुतली, जाळी बदलली, क्लच प्लेटांपेक्षा कमी पैशांत काम झालं.

पार्ट बदलणं हीसुद्धा परीक्षाच, पण महागडी

१९८७ मध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नियतकालिकाच्या एकाच खंडात निदानावरचे दोन पायाभूत लेख आले, एक रेमंड रायटर यांचा, दुसरा योहान द क्लीर आणि ब्रायन विल्यम्स यांचा. दुसऱ्यातली मला उपयोगी पडणारी कल्पना अशी: पुढचं मोजमाप असं निवडा, की उत्तर काहीही आलं तरी संशयितांची यादी सरासरीने जास्तीत जास्त आटोपेल. वीस प्रश्नांच्या खेळात आपण 'ते सचिन तेंडुलकर आहेत का?' असं सुरुवातीलाच विचारत नाही, 'माणूस जिवंत आहे का?' असं विचारतो. आवाज चढतो का उतरतो, हा दुसऱ्या जातीचा प्रश्न. प्लग बदलून बघू, हा पहिल्या जातीचा, शिवाय त्याचे पैसे पडतात.

त्याहून वाईट म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलणं. गाडी सुधारली तर कशामुळे ते कळत नाही, नाही सुधारली तर तिन्ही निर्दोष होते असंही म्हणता येत नाही, कारण नवा पार्टही खराब निघू शकतो.

हवा, ठिणगी, पेट्रोल यांतून काहीच निघालं नाही तरच कॉम्प्रेशनकडे जायचं. गेजने दाब मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, नाहीतर आकडा उगाच कमी येतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात: वाढला तर रिंग आणि बोअर, न वाढला तर व्हॉल्व्ह. स्टार्ट करायला सोपं जावं म्हणून काही इंजिनं कमी फेऱ्यांना थोडा दाब मुद्दाम सोडून देतात, त्यांचा आकडा मुळातच कमी असतो. तेव्हा त्या मॉडेलचं पुस्तक बघितल्याशिवाय बोअर काम काढू देऊ नका. टॅपेटबद्दल एवढंच सांगतो, की टॅपेटचा आवाज येतो म्हणून आपण काळजी करतो, पण आवाज अजिबात येत नसेल तर काळजी जास्त करावी. फट संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि सीटला टेकून थंड व्हायचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड न होता जळतो.

दुरुस्तीनंतर 'आता बरी वाटते' यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. रिकाम्या रस्त्याचा एक टप्पा ठरवा, तिसऱ्या गिअरला पूर्ण रेसवर ३० वरून ५० ला जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला मोजू द्या. दोन्ही दिशांना मोजा म्हणजे वारा आणि उतार यांची वजावट होते. गाडी चांगली असतानाच हा आकडा लिहून ठेवलात तर सगळ्यात उत्तम.

मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. प्लगचा रंग वाचणारी विद्या कुठल्याही टपरीवरच्या पोराला शिकता येत होती, फुकट. ट्रिमचा आकडा बघायला स्कॅनर लागतो, आणि बरेचदा तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच मिळतो. यंत्राने खूण झाकली आणि ती वाचायची किल्ली थोड्यांच्या हातात राहिली. माझ्या कामाचा एक भाग या किल्लीशिवाय काय काय वाचता येईल, असा आहे. एका सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं, म्हणजे ६,००० आरपीएमला सेकंदाला ५० धमाके. हे मोबाइलचा माइक आरामात पकडतो. वेग जीपीएस देतं. या दोन्हींचं प्रमाण काढलं की क्लच निसटतो का ते कळतं, वजन आणि वेग वाढण्याचा दर यांवरून चाकाशी किती ताकद पोचली त्याचा अंदाज येतो, आणि धमाक्यांची लय मध्येच चुकली तर ठिणगी चुकली. वाऱ्याचा आवाज आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचा आवाज वेगळा कसा काढायचा, यावर सध्या घोडं अडलंय. त्याबद्दल पुढच्या लेखात.